वाया जाऊ नये म्हणून

रायपूरहून बोलतोय.

आधी माझी ओळख. मी चौतीस वर्षं बँकेत नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ वर्षं शाखाधिकारी म्हणून. जन्म रायपूरचाच, वाढलो तात्यापाऱ्यात. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी, असं आमचं तीन भाषांचं आयुष्य. बोलता बोलता हिंदी शब्द आला तर सांभाळून घ्या.

या मालिकेसाठी मला फोन आला तेव्हा सांगितलं गेलं, "काका, ऑनलाइन फसवणुकीवर बोला, तुम्ही बँकवाले आहात." मी म्हटलं, बोलतो, पण बँकवाला म्हणून नाही. फसलेला माणूस म्हणून बोलतो. पलीकडे जरा शांतता झाली. मग ते म्हणाले, "मग तर नक्कीच बोला."

तर सरळ गोष्टीवर येतो.

दोन वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. दिवाळी होऊन गेलेली. माझी मुलगी बंगळूरला, धाकटी बहीण पुण्याला. पूर्वी पुण्याला जायचं तर आझाद हिंद एक्सप्रेस, डबा बांधून घ्यायचा आणि एक रात्र गाडीत काढायची. आता गुडघे ऐकत नाहीत. त्यामुळे वर्षातून तीन-चार वेळा मानाच्या विमानतळावरून आम्ही दोघं विमानाने जातो. कधीतरी एका विमान कंपनीच्या सदस्य योजनेत नाव घातलं होतं. प्रवास केला की पॉइंट जमा होतात, ते साठले की तिकिटात सूट मिळते. किती साठलेत ते मी कधी पाहिलं नव्हतं. तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलंय?

रात्रीचे नऊ वाजले असतील. मेसेज आला. माझं नाव बरोबर. मजकूर असा, की तुमचे ६,८४० पॉइंट आज रात्री बारा वाजता संपत आहेत, त्यांची किंमत ₹६,८४०, ती खात्यात घेण्यासाठी खालच्या लिंकवर जा.

माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? लोभ? नाही हो. पहिला विचार आला, "अरे, वाया जातील की!"

आपण मध्यमवर्गीय मराठी घरांत वाढलेली माणसं. सकाळची पोळी उरली तर संध्याकाळी फोडणीची पोळी. लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर वाणसामानाची यादी. दुधाची पिशवी धुऊन वाळत घालायची, तिचेही पैसे येतात. माझी आई तर आलेल्या पार्सलची सुतळी सोडवून गुंडाळून ठेवायची. काहीही वाया घालवायचं नाही, हा आमच्या घरातला न लिहिलेला नियम. त्या भामट्याने नेमकी ही दोरी ओढली. लोक म्हणतात, लोभी माणूस फसतो. मला आता वाटतं, काटकसरी माणूस जास्त लवकर फसतो. लोभी माणसाला निदान आपण लोभी आहोत हे माहीत असतं. काटकसर करणाऱ्याला आपण शहाणपणाच करतोय असं वाटत असतं.

लिंक उघडली. हुबेहूब त्या कंपनीचं पान. तोच रंग, तेच चिन्ह. त्यात सदस्य क्रमांक आणि पासवर्ड मागितला, मी दिला. पुढचं पान आलं. पॉइंटचे पैसे करून घेण्याचं शुल्क फक्त ₹२५, कार्डाने भरा. मी कार्डाचा क्रमांक घातला, मागचे तीन आकडेही घातले. ओटीपी आला. मी सहा आकडे पाहिले आणि टाकले. पान म्हणालं, ओटीपी चुकला, पुन्हा प्रयत्न करा. दुसरा ओटीपी आला. तोही टाकला.

चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाने त्या दोन्ही मेसेजमधले फक्त सहा आकडे वाचले. त्याच मेसेजमध्ये बँकेने स्पष्ट लिहिलं होतं, पहिल्यात ₹४९,८०० आणि दुसऱ्यात ₹३८,५००. शुल्क ₹२५ आणि ओटीपी ₹४९,८०० चा! डोळ्यांसमोर होतं, पण बारा वाजायच्या घाईत मला फक्त सहा आकडे दिसत होते.

एकूण ₹८८,३००.

आता यातली सगळ्यात वाईट गोष्ट सांगतो. पैसे गेले ही नव्हे. पैसे गेल्याचं मला दोन मिनिटांत कळलं, आणि तरी मी तक्रार केली दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला. मधले तेरा तास मी गप्प बसलो.

सवयीने ॲपमध्ये जाऊन कार्ड बंद केलं, तेवढंच. बायकोने आतून विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, नेटवर्क नाहीये." आणि बाल्कनीत जाऊन बसलो. का? कारण आदल्याच वर्षी मी ज्येष्ठ नागरिकांच्या एका बैठकीत तासभर भाषण ठोकलं होतं, "ओटीपी कोणालाही देऊ नका." लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आता कोणत्या तोंडाने सांगू?

सकाळी मुलीचा फोन आला. माझा आवाज ऐकूनच तिने विचारलं. मी सांगितलं. ती एक शब्दही बोलली नाही, फक्त म्हणाली, "बाबा, फोन ठेवा आणि आधी १९३० लावा. बाकीचं नंतर." मी लावला. शेवटी ₹२१,००० कुठल्यातरी खात्यात अडवलेले सापडले आणि काही महिन्यांनी, न्यायालयाच्या आदेशानंतर, मला परत मिळाले. बाकीचे गेले. रात्री नऊ चाळीसला फोन केला असता तर किती वाचले असते, हा हिशोब मी आजही अधूनमधून करतो.

आणि ते ६,८४० पॉइंट? खात्यात खरंच पॉइंट होते, साधारण चार हजार. सकाळपर्यंत तेही कोणीतरी वापरून टाकले होते. पासवर्ड मीच दिला होता ना.

आता यातून मी काय शिकलो ते सांगतो. नुसतं "सावध राहा" म्हणून उपयोग नाही. सावध तर मीही होतो. पण मी सावध होतो बँकेच्या बाबतीत. बँकेतून बोलतोय असा फोन आला असता तर मी त्या माणसाची उलटतपासणी घेतली असती. हा मेसेज विमान कंपनीचा होता. माझ्या डोक्यात पॉइंट म्हणजे पैसे नव्हतेच, ते आपले असेच मिळालेले काहीतरी. पुढच्या दाराला तीन कुलपं आणि मागचं दार उघडं, तशी गत.

हे पॉइंट मुळात काय आहेत? अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने १ मे १९८१ रोजी आपली सदस्य योजना सुरू केली. आपल्या महाराष्ट्र दिनाची तारीख, म्हणून माझ्या लक्षात राहिली. पुढे जगभरच्या कंपन्यांनी तोच कित्ता गिरवला. आज बँका आपल्या क्रेडिट कार्डधारकांना देण्यासाठी विमान कंपन्यांकडून पॉइंट विकत घेतात. जी वस्तू विकली आणि विकत घेतली जाते, ती वस्तू पैशासारखीच झाली. चोराला हे आपल्याआधी कळलं. चोरलेल्या पॉइंटवर तिकिटं काढता येतात, ती दुसऱ्याला स्वस्तात विकता येतात. युरोपोल या युरोपच्या पोलीस संस्थेने विमान कंपन्या आणि कार्ड कंपन्यांना सोबत घेऊन विमानतळांवर मोहिमा चालवल्या आहेत, चोरीच्या कार्डांवर काढलेल्या तिकिटांवरचे प्रवासी शोधायला. म्हणून एक जाता जाता सांगतो. व्हॉट्सॲपवर कोणी अनोळखी माणूस अर्ध्या किमतीत तिकीट देत असेल तर घेऊ नका. ते कोणाच्यातरी खात्यातून चोरलेलं असू शकतं, आणि विमानतळावर अडकाल तुम्ही.

पैशासारखी वस्तू, पण पैशाचं संरक्षण तिला नाही. बँकेतल्या पैशाबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत, ठेवीला विमा आहे. पॉइंटना तसं काही नाही. कंपनीने परत दिले तर दिले.

आता तुम्ही विचाराल, त्या माणसाला माझं नाव कसं माहीत होतं? मी यावर खूप डोकं खाजवलं. माझ्या बाबतीत ते कुठून गेलं हे मला कळलेलं नाही, आणि मी कोणावर आळ घेत नाही. पण आपली माहिती बाहेर कशी जाते याचं एक मोठं, सर्वांना ठाऊक असलेलं उदाहरण आहे.

२०२१ सालची गोष्ट. एअर इंडिया तेव्हा सरकारी होती. प्रवाशांच्या नोंदी सांभाळणारी यंत्रणा तिला सिटा नावाची कंपनी पुरवत होती. ही जिनिव्हाची कंपनी जगातल्या अनेक विमान कंपन्यांसाठी काम करते. त्या यंत्रणेवर सायबर हल्ला झाला. मे २०२१ मध्ये एअर इंडियाने जाहीर केलं, की जगभरातल्या सुमारे ४५ लाख प्रवाशांच्या माहितीवर याचा परिणाम झाला आहे. ही माहिती ऑगस्ट २०११ ते फेब्रुवारी २०२१ या जवळजवळ दहा वर्षांतली. त्यात नाव, जन्मतारीख, संपर्काचा तपशील, पासपोर्टची माहिती, तिकिटाची माहिती, सदस्य योजनेची माहिती आणि क्रेडिट कार्डाची काही माहिती होती. सदस्य योजनेचे पासवर्ड त्यात नव्हते आणि कार्डामागचे तीन आकडे त्या यंत्रणेत ठेवलेलेच नव्हते, असं कंपनीने सांगितलं.

शेवटचं वाक्य पुन्हा ऐका. पासवर्ड नव्हते, मागचे तीन आकडे नव्हते. म्हणजे अशा चोराच्या हाती सगळं आहे, फक्त दोन गोष्टी नाहीत. मग त्या दोन गोष्टी तो कोणाकडून मागेल? तुमच्याकडून. फसवणुकीचा मेसेज हा असतोच मुळी उरलेली किल्ली मागायला.

अगदी अलीकडे, २०२५ च्या मध्यावर, ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीच्या सुमारे ५७ लाख ग्राहकांची माहिती अशीच बाहेर गेली. तीही एका कॉल सेंटरच्या वापरातल्या तिसऱ्याच कंपनीच्या यंत्रणेतून. नावं, ईमेल, सदस्य क्रमांक. ज्यांची मुलं-नातवंडं सिडनी-मेलबर्नला आहेत, ज्यांनी त्या विमानाने प्रवास केला आहे, त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

तर पहिली गाठ मारून ठेवा. समोरच्याला माझं नाव, माझा प्रवास, माझा सदस्य क्रमांक माहीत आहे, म्हणजे तो कंपनीचाच माणूस आहे, असं होत नाही. पूर्वी गावात कोणी येऊन आजोबांचं नाव सांगितलं की आपण पाटावर बसवायचो. ते दिवस गेले.

आता हा माणूस आत कुठून शिरतो, ते पाहू. मुख्य दारं चार.

पहिलं दार म्हणजे लिंक. मेसेज, ईमेल, व्हॉट्सॲप. "आज संपत आहेत", "खातं बंद होईल", "केवायसी अपुरं आहे". योजना बदलतात तेव्हा अशा मेसेजचं पीक येऊ शकतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा कंपनी एअर इंडियात विलीन झाली, तिच्या सदस्यांचे पॉइंट नव्या योजनेत गेले. इंडिगोने त्याच सुमारास आपली नवी योजना आणली. अशा वेळी खरे मेसेजही येत असतात, आणि खऱ्याच्या गर्दीत खोटा सहज खपतो.

लिंकचा पत्ता कसा वाचायचा? पोस्टमन पत्ता शेवटून वाचतो. आधी शहर, मग पेठ, मग घर. तसंच इथे. पहिली तिरकी रेघ येईपर्यंतचा भाग घ्या आणि शेवटून वाचा. कंपनीचं नाव डॉट कॉम, आणि लगेच तिरकी रेघ, तर ते घर कंपनीचं. पण कंपनीचं नाव डॉट कॉम डॉट पॉइंट-क्लेम डॉट टॉप असं असेल, तर ते घर पॉइंट-क्लेमवाल्याचं. त्याने दारावर कंपनीच्या नावाची पाटी लावली आहे, इतकंच. अर्थात खरं सांगू? आपल्या वयाला, चष्मा शोधत, हे वाचत बसण्यापेक्षा एकच नियम बरा. आलेल्या लिंकने जायचंच नाही. कंपनीचं ॲप आपल्या हाताने उघडायचं आणि पॉइंट तिथे पाहायचे. पॉइंट खरंच संपत असतील तर ते तिथेही दिसेल. त्या रात्री मी एवढं केलं असतं तर मला दिसलं असतं, की माझे पॉइंट ६,८४० नव्हते आणि त्या रात्री संपतही नव्हते.

दुसरं दार म्हणजे गूगलवर शोधलेला ग्राहक सेवेचा नंबर. यात भामटा आपल्याकडे येतच नाही, आपणच त्याच्याकडे जातो. विमान रद्द झालं, पैसे परत हवेत, आपण घाईत शोधतो, वर येईल तो नंबर लावतो. तो नंबर कोणीही टाकलेला असू शकतो. पलीकडचा माणूस अत्यंत नम्र असतो. इतका नम्र, की तिथेच शंका यायला हवी! तो म्हणतो, "सर, रिफंडसाठी एक छोटं ॲप घ्या." त्या ॲपमधून त्याला तुमच्या फोनचा पडदा दिसतो. किंवा म्हणतो, "पैसे यायला यूपीआय पिन टाका." हे पाठ करून ठेवा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो पैसे जायला. नंबर हवा तर तिकिटावरचा घ्या, नाहीतर कंपनीच्या ॲपमधला.

तिसरं दार ॲपचं. सप्टेंबर २०२४ मध्ये बंगळूरच्या विमानतळावरचं एक प्रकरण खूप गाजलं. एका महिलेला लाउंजमध्ये बसायचं होतं, क्रेडिट कार्ड जवळ नव्हतं, फोनमध्ये त्याचा फोटो होता. तिच्या सांगण्यानुसार तिला "लाउंज पास" नावाचं ॲप घ्यायला आणि चेहऱ्याची पडताळणी करायला सांगण्यात आलं. तिने ॲप घेतलं. पुढे तिला लोक म्हणू लागले, तुला फोन केला की कोणी पुरुष उचलतो. आणि मग कार्डाचं बिल आलं, तर त्यात तिने न केलेला ₹८७,००० चा व्यवहार. क्लाउडसेक या सायबर सुरक्षा कंपनीने तपास केला तेव्हा दिसलं, की ते ॲप फोनमधले मेसेज वाचून चोरांकडे पाठवत होतं, म्हणजे ओटीपीसुद्धा. जुलै आणि ऑगस्ट २०२४ या दोन महिन्यांत सुमारे ४५० प्रवाशांनी ते बसवलं होतं आणि ₹९ लाखांहून जास्त रक्कम गेली होती.

त्या महिलेने ओटीपी कोणालाच सांगितला नव्हता, हे लक्षात घ्या. "ओटीपी देऊ नका" हा माझा भाषणातला मंत्र तिथे पुरला नसता. म्हणून ज्या फाइलच्या नावाच्या शेवटी डॉट एपीके आहे ती कोणीही पाठवली तरी उघडू नका, अगदी मेव्हण्याने पाठवली तरी. त्याचाच फोन कोणीतरी ताब्यात घेतलेला असू शकतो. स्टेट बँकेच्या रिवॉर्ड पॉइंटच्या नावाने अशीच फाइल फिरत होती, तिच्याबद्दल २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाने इशाराही दिला होता. तिथेही शब्द तेच, "आज संपत आहेत". ॲप घ्यायचं ते फोनमधल्या अधिकृत दुकानातून. आणि एखादं ॲप तुमचे मेसेज वाचायची परवानगी मागू लागलं, तर आधी स्वतःला विचारा, लाउंजमध्ये चहा प्यायला याला माझे मेसेज कशाला हवेत?

चौथं दार आपणच उघडतो. बोर्डिंग पासचा फोटो. "चाललो बालीला!" म्हणून फोटो टाकायचा. त्या पासवर तुमचं नाव असतं, आरक्षणाचा क्रमांक असतो, बारकोडमध्ये बहुतेकदा सदस्य क्रमांकही असतो. ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांनी मार्च २०२० मध्ये आपल्या बोर्डिंग पासचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. त्यावरच्या आरक्षण क्रमांकावरून एका तरुणाने त्यांचा पासपोर्ट क्रमांक आणि फोन नंबर शोधून काढला. सुदैवाने तो तरुण भला होता, त्याने वापर न करता संबंधितांना कळवलं. पंतप्रधानपदी राहिलेल्या माणसाची ही गत, तर आपलं काय? फोटो टाकायचाच तर खिडकीबाहेरच्या ढगांचा टाका. आणि प्रवासानंतर बोर्डिंग पास विमानाच्या सीटच्या खिशात ठेवून येऊ नका, घरी आणून फाडा.

आता प्रत्येकाने आज रात्री करायची कामं. फार नाहीत, अर्धा तास लागेल.

कुठल्या कुठल्या सदस्य योजनांत तुमचं नाव आहे ते एका वहीत लिहा. विमान, हॉटेल, कार्ड, सगळं. प्रत्येकात किती पॉइंट आहेत आणि कधी संपतात, तेही लिहा. हे माहीत असलं की "आज संपत आहेत" हा मेसेज तुम्हाला हलवू शकत नाही. आपलं आपल्याला माहीत नाही, यावर तर त्यांचा सगळा धंदा चालतो.

दुसरं, विमानाच्या खात्याचा आणि ईमेलचा पासवर्ड एकच ठेवू नका. माझा एकच होता. ईमेल हातात आलं की बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड बदलता येतात. ईमेल म्हणजे किल्ल्यांचा जुडगा ठेवलेलं कपाट, त्याला वेगळं आणि दणकट कुलूप हवं. दोन टप्प्यांची पडताळणी मुलांकडून चालू करून घ्या.

तिसरं, ऑनलाइन वापराच्या कार्डाची मर्यादा कमी करून ठेवा. बहुतेक बँकांच्या ॲपमध्ये ही सोय आहे. माझी मर्यादा ₹१०,००० असती तर ₹४९,८०० चा व्यवहार झालाच नसता. मोठी खरेदी असेल तेव्हा वाढवायची, मग परत कमी करायची. परदेशी व्यवहार लागत नसतील तर बंदच ठेवा.

चौथं, ओटीपीचा मेसेज आला की आधी रक्कम वाचायची, मग कोणाला पैसे जाताहेत ते वाचायचं, आकडे सगळ्यात शेवटी. मोठ्याने वाचा. घरातलं कोणी हसलं तर हसू द्या.

आणि तरीही फसलात तर? होऊ शकतं. मी फसलो, तर कोणीही फसू शकतं, असं म्हणण्याइतका मी मोठा नाही. पण मला सगळे नियम पाठ होते आणि तरी मी फसलो, हे खरं आहे.

१९३० हा आकडा लिहून फ्रिजवर चिकटवा. देशात कुठूनही लागतो. रायपूर असो, बेळगाव असो, इंदूर असो की बडोदा. तिथे तक्रार नोंदली की गेलेला पैसा ज्या खात्यात गेला ते खातं शोधून रक्कम अडवण्याचा प्रयत्न होतो. भामटे पैसा एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या खात्यात पळवत असतात. म्हणून पहिला तास सोन्याचा. ऑनलाइन तक्रार करायची तर पत्ता सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन. पाठोपाठ बँकेला कळवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. नुसतं कार्ड बंद करून थांबू नका, मी केलं तसं. मग विमान कंपनीला कळवून खातं गोठवायला सांगा. मेसेज, लिंक, काही पुसू नका, तो पुरावा आहे.

बँकेला लगेच कळवण्याचं आणखी एक कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ना तुमची ना बँकेची, माहिती भलतीकडूनच गेली, आणि तुम्ही तीन कामकाजी दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर भुर्दंड नाही. पण ओटीपी, पासवर्ड तुम्हीच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर जे होईल ते बँकेचं. म्हणजे तुमची चूक असली तरी फोन करण्यात अर्थ आहे. किंबहुना तुमची चूक असेल तेव्हा तर तो जास्तच लवकर करायला हवा.

हे परिपत्रक मला तोंडपाठ होतं. आणि याच परिपत्रकावरून मला तुम्हाला शेवटची गोष्ट सांगायची आहे.

२०१९ साली माझ्या शाखेत एक बाई आल्या होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, हिंदी भाषक. कोणीतरी फोनवर फसवून त्यांचे ₹३२,००० नेले होते. समोर बसून त्या सगळं सांगत होत्या. माझ्या टेबलावर फायलींचा ढीग, बाहेर रांग. मी मधेच म्हटलं, "मॅडम, ओटीपी आपने ही दिया ना?" त्या म्हणाल्या, "हाँ." मी म्हटलं, "फिर बैंक क्या करे?" नियमाने मी चुकीचं बोललो नव्हतो. त्यांनी पासबुक पिशवीत ठेवलं, पिशवीची चेन लावली आणि उठून गेल्या.

माझे पैसे गेल्यानंतर मला त्या चेनचा आवाज आठवायला लागला. पत्ता मिळवला, महिनाभर टाळाटाळ केली आणि एका रविवारी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी ओळखलं. चहा केला. मी माझी सगळी हकिगत सांगितली आणि म्हटलं, त्या दिवशी मी तुम्हाला जे बोललो त्याची माफी मागायला आलोय.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग आतल्या खोलीकडे एकदा पाहून हळूच म्हणाल्या, "भाई साहब, घर में आज तक किसी को नहीं बताया. सिर्फ आपको बताया था."

पाच वर्षं. नवरा, मुलगा, सून, कोणाला माहीत नाही. एका माणसाला सांगितलं, आणि तो माणूस मी होतो.

म्हणून या भाषणातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एक लक्षात ठेवा. तुमच्या घरात कोणी असं सांगायला आलं, आई, सासरे, शेजारच्या काकू, कामाला येणारी ताई, तर "तुम्ही लिंक उघडलीतच कशी?" हा प्रश्न विचारू नका. त्याचं उत्तर त्यांनाही माहीत नसतं. माझ्या मुलीने मला जे म्हटलं तेच म्हणा. आधी १९३० लावू, बाकीचं नंतर.

पॉइंट वाया गेले तर जाऊ द्यात. तो पहिला तास वाया जाऊ देऊ नका.